मर्चिसनचा धबधबा, आई आणि तुम्ही

अण्णा,

आम्ही आफ्रिकेला जाऊन आलो. आई, मी आणि माझी मुलगी, तिघीच. युगांडातलं मर्चिसन फॉल्सचं अभयारण्य बघितलं, जिराफ बघितले, हत्ती बघितले, आणि ज्या धबधब्यावर तुम्ही दर वर्षी सातवीच्या वर्गात अख्खा तास खर्च करायचात तो धबधबाही बघितला. तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना. प्रेमाने कळवतेय असा गैरसमज मात्र नको. तुम्ही हयात असतात तर हे पत्र मी इथून, अमेरिकेतल्या कॅरीहून, मुद्दाम रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं असतं, सोबत फोटो जोडून, म्हणजे 'मिळालं नाही' म्हणायची सोय राहिली नसती. जन्मभर भूगोल शिकवलात आणि गेलात कुठे, तर कोल्हापूर, गाणगापूर आणि बोर्डाचे पेपर तपासायला पुणे. मला हे लिहिताना बरं वाटतंय. इतक्या वर्षांनी माणसाने एवढं तरी बरं वाटून घ्यावं.

तुम्ही आमच्याच शाळेत होतात याचा माझ्या मैत्रिणींना हेवा वाटायचा. वडीलच सर म्हटल्यावर काय, मजा आहे, असं त्या म्हणायच्या. मजा अशी की वर्गात मला तुम्हाला 'सर' म्हणावं लागे, आणि पक्षपाताचा आळ येऊ नये म्हणून तुम्ही नेमक्या माझ्याच वहीतल्या चुका सगळ्यांना दाखवायचात. सातवीतल्या त्या दिवशी फळ्यावर आफ्रिका काढलेली आहे. तुम्ही निळ्या खडूने नाईल वर वर नेताय आणि सांगताय की एवढी थोरली नदी एका चिंचोळ्या फटीत घुसते आणि फेस होऊन खाली कोसळते. सांगताना तुमचा आवाज बदललाय. वर्ग गप्प आहे. मला तुमचा इतका अभिमान वाटतोय की मी हात वर करते आणि विचारते, "सर, तुम्ही बघितलाय तो धबधबा?" खरंच एवढंच विचारायचं होतं. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. तुम्ही पट्टी घेऊन माझ्यापाशी आलात, मग उरलेला तास मी दाराबाहेर. संध्याकाळी आईने माझ्या हातावरचे वळ पाहून तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही पेपरातून डोकं न काढता म्हणालात, "शाळेतलं शाळेत." सरांनी मारलं तर मुलं घरी वडिलांना सांगतात. मी कोणाला सांगायचं होतं? हा प्रश्न तुम्हाला कधी पडला तरी का? तो नीचपणा होता, अण्णा. शब्द मोठा आहे, पण मी तो बदलणार नाही.

आईला तुम्ही कधी हात लावला नाहीत, हे मान्य. तिचं तुम्ही वेगळंच काहीतरी केलंत. लग्नाला ती जाऊन यायची आणि लग्न कसं झालं ते पाहुण्यांना तुम्ही सांगायचात. देवीला गर्दीत दोन तास ती उभी राहायची आणि दर्शन कसं झालं ते तुम्ही सांगायचात. "हिला फार आवडलं," असंही तुम्हीच म्हणायचात, आणि ती बाजूला ट्रे घेऊन उभी. तिने एखादं वाक्य सुरू केलंच तर तुम्ही ते तिच्या हातातून काढून घेऊन पूर्ण करायचात, आणि तीही मुकाट्याने ते तुमच्या हवाली करायची. तुम्ही गेल्यावर मी तिला इकडे आणलं. वाटलं, आता बोलेल. ती कुठली बोलतेय. आम्ही कामाला गेलो की दिवसभर टीव्हीवर प्राण्यांचे कार्यक्रम बघायची, आणि संध्याकाळी काय बघितलंस म्हणून विचारलं की म्हणायची, "काही नाही, आपलं असंच." एका रविवारी मात्र तिने आपणहून विचारलं, "ते पाणघोडे खरे केवढे असतात गं?" मी त्याच आठवड्यात तिकिटं काढली. मला एकच हवं होतं. तिने एकदा काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि स्वतःच्या तोंडाने चारचौघांत सांगावं. तिचे गुडघे बघता हे लवकर व्हायला हवं होतं.

नवऱ्याचं नेमकं प्रोजेक्ट रिलीज होतं, म्हणून तो आला नाही. पिवळ्या तापाची लस आईच्या वयाला झेपणार नाही म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, तिला स्पोर्ट्स शूज घेतले, दशम्या, लोणचं आणि मेतकूट तिने माझं न ऐकता बॅगेत कोंबलं. तिकडे व्हॅनचं छप्पर वर उचलता येतं. पदर खोचून, नातीची बेसबॉल कॅप घालून, दांडी धरून आई उभी आहे, समोर हत्तींचा कळप आहे, पिल्लू हत्तिणीच्या पोटाखालून डोकावतंय, आणि ती म्हणते काय? "हे म्हणायचे, आफ्रिकेतल्या हत्तीचे कान मोठे असतात." जिराफ दिसला. "हे म्हणायचे, एवढी मान, पण मणके आपल्याइतकेच." म्हणजे सकाळी दाढी करताना तुम्ही घरात मोठमोठ्याने पाठ म्हणायचात ना, ते ती पोळ्या लाटता लाटता ऐकत होती आणि तिने ते सगळं जपून ठेवलं होतं. तुमचं तिकीट काढलं नव्हतं, तरी व्हॅनमधली खिडकीची जागा तुम्हीच अडवून बसलात.

"आई, अण्णा इथे आलेच नव्हते," मी शेवटी म्हटलं. "त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. तू समोर बघतेयस. तुला काय दिसतंय ते सांग ना."

"अगं, मी तेच तर सांगतेय."

"मॉम, जस्ट लेट हर एन्जॉय," माझी मुलगी म्हणाली.

एकदाच आशा वाटली. दुपारी झाडाखाली डबा उघडला तर एक बबून जातीचा थोराड वानर आला, दशम्यांची पुरचुंडी उचलून समोरच्या फांदीवर जाऊन बसला आणि आमच्याकडे बघत खाऊ लागला. आई त्याला म्हणाली, "मेल्या, लोणचं राहिलं की तुझं." ड्रायव्हरला शब्द कळला नाही तरी तोही हसला. तुम्ही कधीच असं काही म्हणाला नसतात. ते वाक्य तिचं होतं. मी दिवसभर खूश होते.

दुसऱ्या दिवशी होडीने नदीतून वर गेलो. काठावर मगरी आ वासून पडलेल्या, पाणघोड्यांचे कान आणि डोळे तेवढे पाण्याबाहेर. जसजसं पुढे गेलो तसतसे पाण्यावर फेसाचे गठ्ठे वाहत येऊ लागले आणि मग लांबून धबधबा दिसला. नंतर गाडीने वळसा घालून वरच्या अंगाला गेलो, जिथे कठडा आहे. तिथे नदी खरोखरच त्या फटीत घुसते, अण्णा. तुम्ही सांगितलं होतं त्यात चूक काढायची माझी फार इच्छा होती, पण निघाली नाही. पायाखालचा खडक थरथरत होता, अंगावर तुषार येत होते, आणि आवाज एवढा की मला आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागलं, "कसं वाटतंय?" तिचा चेहरा ओला झाला होता. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाली, "ह्यांना फार आवडलं असतं."

माझं डोकंच फिरलं. तिला मुलीच्या हवाली केलं आणि मी सरळ वर चढून व्हॅनमध्ये जाऊन बसले. तिथे मी रडले. दुःखाने नाही, संतापाने. नॉर्थ कॅरोलायनाहून दोन विमानं बदलून तिला तिथवर आणली ती काय तुमचं कौतुक ऐकायला? त्या बऱ्याच वेळाने आल्या, दोघी चिंब. आईने कॅप पिळली आणि थर्मासमधला चहा मागितला. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर हत्ती आडवे गेले, तर मी फोटोसुद्धा काढला नाही.

इकडे कोणी ट्रिपहून आलं की पुढच्या शनिवारी त्याच्या घरी पॉटलक होतं. प्रत्येक जण एकेक पदार्थ आणतो आणि फोटो टीव्हीवर लावून बघतात. आमच्याकडे परवा तीन-चार कुटुंबं होती. रिमोट अर्थातच माझ्या हातात. "काकू, तुम्ही हिप्पो एवढा क्लोज पाहिला? सही यार," पुण्याचा एक मुलगा म्हणाला, आणि आईने तोंड उघडायच्या आत पाणघोड्याची माहिती मी दिली. मग धबधब्याचे फोटो आले. ते माझ्या मुलीने काढलेले, मीही पहिल्यांदाच बघत होते, तरी मी हातवारे करून सांगायला लागले, नदी किती रुंद, फट किती अरुंद. चहाला आधण आलेलं दिसलं, तसं मी बोलता बोलता म्हटलं, "आई, चहाचं बघतेस का?"

आई जागची हलली नाही. "आज तू बघ," ती म्हणाली. "ह्या फोटोत मी आहे, तू नाहीयेस." आणि तिने हात पुढे करून माझ्याकडून रिमोट घेतला.

मी उठले. इकडच्या घरांत स्वयंपाकघराला भिंत नसते, त्यामुळे मला तिची पाठ दिसत होती आणि सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "ही रागावून गाडीत जाऊन बसली. तिथे आवाज एवढा होता की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येईना. म्हटलं, ही जागा बरी आहे. मग मी ह्यांच्याशी बोलले."

"सो स्वीट. काकांना मिस केलंत ना?" कोणीतरी म्हणालं.

"छे. भांडले. लग्न झाल्यापासूनचं सगळं काढलं, एकेक करून. ह्यांना मध्ये बोलताच येईना."

लोक हसले आणि मग हसायचे थांबले. माझी मुलगी म्हणाली, "मला काहीच ऐकू नाही आलं. आधी वाटलं शी वॉज प्रेइंग. मग शी स्टार्टेड पॉइंटिंग हर फिंगर." नागपूरच्या एकीने हळूच विचारलं, "काय म्हणालात काकू?"

"ते आमच्या दोघांतलं. पण अरे-तुरे केलं हं मी. म्हटलं, ऐक रे, आता तू ऐक."

"काकांना अरे म्हणालात?"

"हो. चांगलं ओरडून."

मला राहवलं नाही. मी ओट्यापाशी उभी राहूनच विचारलं, "मग मला म्हणालीस ते काय होतं, ह्यांना फार आवडलं असतं?"

"आवडलंच असतं," ती मागे वळून म्हणाली. "धबधबा आवडला असता. मी बोलले ते नसतं आवडलं." मग तिने पुढचा फोटो लावला आणि बबूनची गोष्ट सांगितली, नक्कल करून. लोक हसून लोळले.

मला हवं होतं ते झालं होतं. चारचौघांत झालं, तिच्या तोंडून झालं. मी आनंदाने नाचायला हवं होतं, आणि मी चहा गाळता गाळता धुमसत होते. तुमच्यावरचा राग मी एकटी सांभाळतेय, तिच्याही वाटचा सांभाळतेय, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. तिचा तिने वेगळा ठेवला होता, व्यवस्थित, आणि जागा बघून रिकामाही केला. मला विचारलंसुद्धा नाही. ती हल्लीही 'हे म्हणायचे' म्हणते, पण पुढे जोडते, "आणि मला असं वाटतं." आत्ता ती शेजारच्या काकूंबरोबर तळ्याभोवती चक्कर मारायला गेलीय, आणि मी ऑफिसची मीटिंग कॅन्सल करून तुम्हाला लिहीत बसलेय, म्हणजे बघा.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तिच्या भांडणाने माझं मिटत नाही, आणि तुम्ही मेलात म्हणूनही मिटत नाही. हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, तेव्हा यात मी वाटेल ते लिहू शकते. म्हणून मघाशी सुरुवातीपासून वाचून काढलं आणि म्हटलं, सगळं अरे-तुरे करून टाकू. पहिल्या परिच्छेदात 'तुम्ही' खोडून 'तू' लिहिलं. दुसऱ्या वाक्याला हात थांबला. मग पुन्हा 'तुम्ही' केलं.