शुक्रवारचं नाव

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सोनईचं रेकॉर्डिंगचं दुकान दिवाळीत कायमचं बंद केलं आणि आज नगरला सादफोन कंपनीत रुजू झालो. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पहिली नोकरी. मजा वाटली. डिप्लोमावाली दोन पोरं मुलाखतीला होती, पण कानाच्या परीक्षेत दोघंही गळाली. एका फितीत मागे पंख्याची घरघर होती, ती मला पहिल्या झटक्यात ऐकू आली. मी कुणाकडे शिकलेलो नाही. रेडिओ उघडून, भजनी मंडळांच्या कॅसेटी कापून-जोडून जे कळलं, ते माझं स्वतःचं आहे.

ऑफिस सावेडीत, मनमाड रोडवर, तिसऱ्या मजल्यावर. भरपूर उजेड. रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतीला फोम वाकडातिकडा चिकटवला होता, तो पहिल्याच दिवशी उतरवून सरळ लावला.

कंपनीचं काम सोपं आहे. शेतकरी फोन लावतो आणि बाईचा आवाज त्याला दुधाचा भाव, कांद्याचा भाव, कालव्याच्या पाण्याची पाळी सांगतो. आवाज विजयमालाबाईंचा. त्या सुरुवातीपासून इथे होत्या, दिवाळीआधी त्यांना कमी केलं. हजारो वाक्यं त्यांनी बोलून ठेवली आहेत, आता बाईंची गरज नाही. आवाज ऐकला. बाजारात शेजारी बसलेली बाई बोलावी तसा: 'दुधाचा भाव ऐकायचा आसंल तर एक दाबा.' छान आवाज आहे. ही वाक्यं नीट राखणं हे माझं काम.

नवे मालक आल्यापासून पुण्याहून सुश्रुत नावाचा मुलगा प्रमुख म्हणून आला आहे. त्याचा नियम असा की इथे कोणी सर नाही, कोणी काका नाही, सगळे नावाने. मला त्याने सरळ 'मार्तंड' म्हणून हाक मारली. माझ्या पुतण्याच्या वयाचा आहे. शेजारच्या टेबलावर अश्विनी बसते, फोनलाइनची तपासणी करते. सुश्रुतची पाठ वळली की हळूच काका म्हणते. मुलगी तिसगावची, वळण चांगलं आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दुपारी डबा खाताना सर्व्हर सांभाळणारे गोरक्षनाथ बोलत बसले. पूर्वी मधल्या हॉलमध्ये एक लांबलचक टेबल होतं, सगळे एकत्र जेवायचे. विजयमालाबाई तिसगावहून शेंगदाण्याची चटणी आणायच्या. कुणाचं काम अडलं तर तिथेच शिव्या खाऊन सुटायचं. सुश्रुतने ते टेबल हलवलं. आता ज्याने त्याने आपल्या जागेवर खायचं, तेही पाळीपाळीने.

टेबलाच्या जागी आलं ते शुक्रवारचं नाव. दर शुक्रवारी संध्याकाळी मोबाईलवर प्रश्न येतो: या आठवड्यात तुमचं काम कोणामुळे अडलं? एकच नाव द्या. नाव दिल्याशिवाय हजेरी बंद होत नाही. कुणी कुणाचं दिलं हे कळत नाही. ज्याचं नाव सारखं येतं, त्याला बोलावलं जातं.

मी म्हटलं, उघड बोलायची हिंमत नसली की असं होतं. गोरक्षनाथ डबा झाकून उठले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नाव दिलं. गोरक्षनाथांचं. त्यांनी जुन्या फायलींचा पासवर्ड द्यायला एक दिवस लावला होता. खरंच अडलं होतं, उगाच दिलं नाही.

खाली गाडी काढताना अश्विनीने सांगितलं की विजयमालाबाईंचं नाव ओळीने बरेच शुक्रवार आलं होतं. त्यांना फुफ्फुसाचा त्रास. बोलताना दम लागायचा, पुन्हा पुन्हा थांबायच्या, त्यामुळे पुढच्यांचं काम खोळंबायचं. अश्विनी त्यांना मावशी म्हणते, एकाच गल्लीतल्या. तूही दिलंस का त्यांचं नाव, असं मी विचारलं. तिने हेल्मेट घातलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

पहिलं मोठं काम. सुश्रुतचा हुकूम: प्रत्येक फोन आखूड झाला पाहिजे. विजयमालाबाई वाक्याआधी श्वास घेतात, तो सगळीकडून काढायचा. बाईंचा श्वास साधा नाही, त्यात बारीक शिट्टी आहे, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. लोकांनाही ती ठाऊक आहे. भंडारदऱ्याकडचा एक म्हातारा रोज फोन लावतो आणि रेकॉर्डिंगलाच म्हणतो, 'बाई, दमानं घ्या.'

श्वास कापणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. आवाजाची लाट जिथे मधल्या रेषेला टेकते तिथेच कातर लावायची, नाहीतर टक्क असा डाग राहतो. माझ्या कामात डाग नसतो.

मूळ फायली ठेवायच्या नाहीत, असंही सांगितलं. ठीक आहे. दुकानातसुद्धा मी टेपचे तुकडे साठवले नाहीत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुपारी शेवटचा श्वास कापला. सगळी वाक्यं आता सुतासारखी सरळ. सुश्रुतने सगळ्यांना उभं करून माझं काम ऐकवलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मूळ फायली पुसून टाकल्या.

टाळ्या चालू असतानाच अश्विनीला फोन आला. विजयमालाबाई गेल्या. तिसगावात, घरीच. नोकरीबरोबर विमा गेला होता, म्हणून दवाखान्यातून घरी आणलं होतं. अश्विनी माझ्यासमोर येऊन म्हणाली, सोमवारपासून मावशीचा श्वास रोज थोडा थोडा कमी होत होता, डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. मग बराच वेळ माझ्या स्क्रीनकडे बघत राहिली.

आजारी बाई होती. आजारात असंच होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

तक्रारी आल्या. लोक सांगतात, बाई श्वास घेते आणि लई जोरात घेते. फायली तपासल्या. सगळ्या स्वच्छ. दोन वाक्यांमध्ये लाट सपाट, जशी मी सोडली होती तशी.

मग स्वतः फोन लावून ऐकलं. 'कांद्याचा भाव ऐकायचा आसंल तर…' आणि पुढच्या वाक्याआधी ती शिट्टी. समोर स्क्रीनवर सरळ रेष आणि कानात श्वास. पूर्वी तो तिकडून यायचा. आता इकडून गेला. माझ्या छातीतून हवा ओढली गेली, ताकाच्या पेल्यातून शेवटचा घोट ओढावा तशी. टेबल धरून उभा राहिलो.

लाइनमध्ये बिघाड असेल. अश्विनीला लाइन तपासायला सांगितली. ती म्हणाली, लाइन चांगली आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळच्या बैठकीत सुश्रुतने सांगितलं की पुढच्या महिन्यापासून आवाज साफ करायचं काम सॉफ्टवेअर करणार. सगळ्यांसमोर म्हणाला, "मार्तंड, तुझं काम तू छान संपवलंस. डिप्लोमा असता तर दुसरीकडे कुठेतरी बसवलं असतं." कुणीतरी हसलं. कोण, ते मला ठाऊक आहे, आवाज मी विसरत नाही.

जागेवर येऊन बसलो तोच टेबलावरचा फोन वाजला. विजयमालाबाईंचा आवाज.

"तुमचं काम कुनामुळं आडलं? येकच नाव सांगा. मंग फोन ठिवा."

हे वाक्य त्यांनी कधी बोललेलं नाही. त्यांचं प्रत्येक वाक्य माझ्या कानाखालून गेलेलं आहे. पण खोटं कशाला लिहू, विचार करावा लागला नाही. मी म्हटलं, सुश्रुत.

पलीकडे एक श्वास. फोन बंद.

नाव घेताना गोड वाटलं. मोबाईलवर दाबताना असं कधी वाटलं नव्हतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सुश्रुत गेला.

भर दुपारी, काचेच्या केबिनमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. फोन कानाला होता. आधी त्याने टाय सैल केला, मग तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. मासा पाटीत पडल्यावर करतो तसं. काचेवर हात आपटत होता. आम्ही सगळे उभे होतो. पहिलं पाऊल कुणी टाकलं नाही. मीही नाही.

आत गेलो तेव्हा रिसीव्हर लोंबत होता. कानाला लावला. पलीकडे कुणीतरी लांब, भरभरून श्वास घेत होतं. आता शिट्टी नव्हती. छाती मोकळी झालेल्या माणसाचा श्वास.

डॉक्टर म्हणाले हृदय ठीक होतं. फुफ्फुसात हवाच नव्हती.

घरी येऊन नीट जेवलो. मार्तंड म्हणणारा एक कमी झाला, असं मनात आलं. आलं ते लिहितो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज लांब टेबल परत हॉलमध्ये आणलं. कोणी सांगितलं कुणास ठाऊक. सगळे एकत्र जेवायला बसले. मी डबा घेऊन गेलो तर कुणी सरकलं नाही. भांडण नाही, टोमणा नाही, नुसतं सरकलं नाही. जागेवर येऊन खाल्लं.

गोरक्षनाथांनी हात धुताना सांगितलं, फोन बुधवारपासून सगळ्यांनाच आले. तोच प्रश्न. तुम्ही कुणाचं नाव दिलंत, मी विचारलं. म्हणाले, तुम्हीच सांगितलं होतंत ना, उघड बोलायची हिंमत पाहिजे म्हणून. टॉवेलला हात पुसले, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमचं दिलं."

अश्विनीकडे गेलो. तिला समजावलं, हुकूम सुश्रुतचा होता, मी कारागीर माणूस. तिने ऐकून घेतलं. तिचा आवाज चढला नाही.

"काका, सांगितलं त्यानं. कापलं तुमी."

मी म्हटलं, तूसुद्धा शुक्रवारी मावशीचं नाव देत होतीस.

"देत हुते. मावशीला ठावं हाय ते. तिनं मला त्याचं काय इचारलं न्हाई. येवढंच इचारलं, हात कुनाचा हुता."

संध्याकाळी मोबाईलवर प्रश्न आला नाही. हजेरी आपोआप बंद झाली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

जिन्यात थांबावं लागलं. एक्स-रे काढला, स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, मनाचं असेल.

मनाचं नाही. मला कळतं कुठे कापलंय. दोन वाक्यांच्या मध्ये. बोलताना पुढच्या वाक्यासाठी श्वास घ्यायला जातो तर तिथे काही नसतं. सपाट. डाग नाही, टक्क नाही. माझ्यासारखंच काम केलंय, मानलं पाहिजे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

बाईंचे श्वास परत द्यायचं ठरवलं. मूळ फायली पुसलेल्या. कातरण नाही. म्हणून माझेच श्वास रेकॉर्ड केले — दिवसभर — एकेका वाक्याआधी लावले. नीट लावले. कुणाला ओळखू येणार नाही असे.

मग फोन लावला. 'दुधाचा भाव—' माझा श्वास. मग बाई थांबली.

"ह्यो माजा न्हाई."

सगळे श्वास गेले. फायलीतून. माझ्यातूनही. खोलीत पडलो. काचेबाहेर सगळे जेवत होते — टेबलावर — कुणीतरी चटणी वाढत होतं. मान वर केली ती फक्त अश्विनीने.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

घरीच. झोपता येत नाही, बसून राहतो. लिहिताना बरं — लिहायला श्वास लागत नाही.

राग येतो. त्यांनी सगळ्यांनी तिला काढलं. मी एकटा भरतोय. ती मुलगी — मावशी मावशी करणारी — दर शुक्रवारी —

बुधवार, २६ नोव्हेंबर

मोबाईल वाजतोय. सकाळ आहे, ऊन आत आलंय. नंबर नाही.

उचलला. कानाला धरलाय. उजव्या हाताने लिहितोय.

"तुमचं काम कुनामुळं आडलं? येकच नाव सांगा."

पुन्हा विचारतेय — म्हणजे वाट आहे. मी सुश्रुतचं दिलं, तिने त्याला नेलं. आता दुसरं दिलं तर मी —

अश्विनी. तिचंच. हात माझा असेल — काढली तर तिने —

"सांगा."

तोंड उघडलं. नाव जिभेवर आहे. नुसतं म्हणायचं. पण म्हणायच्या आधी — प्रत्येक माणूस आधी श्वास —

"सांगा की. मी थांबते."

आत काही येत नाही. ती थांबलीय. निवांत — भरभरून — ऐकू येतंय. माझ्या वाट्याचं पण तीच —

अश्वि