चौऱ्याऐंशी हप्त्यांचा संशय

नालवाडी, वर्धा
सोमवार, संध्याकाळ

ती. धुरपताबाईस,
धाकट्या भावाचा, प्रेमदासचा सप्रेम जयभीम.

टि-टाक्-टाक्, टि-टाक्-टाक्. आठवतो का गं बाई तो आवाज? आष्टीच्या एस.टी.त कंडक्टर तिकिटाचा पंच दांड्यावर वाजवत यायचा आणि त्या ठेक्यावर मी शाळेतल्या कविता म्हणायचो. (एक लघु, दोन गुरू. भुजंगप्रयात त्या माणसाच्या हातातच होता. माझ्या विद्यार्थ्यांना तो पस्तीस वर्षांत जमला नाही.) तू खिडकीला डोकं टेकून चिंच चोखायचीस आणि म्हणायचीस, गप बस, नाहीतर तुझ्या अंगावर ओकीन. असो. गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवतेस? माझी तब्येत बरी आहे, झोप मात्र उडाली आहे, कारण या घरात माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतं आहे.

पोस्टात माझे दोन लाख आहेत, तुला ठाऊकच आहे. निवृत्तीच्या पैशातले तेवढेच उरले. तर गेल्या सोमवारी आपल्या जागृतीची (माझी नात, रत्नदीपची पोरगी, आता आठवीत आहे) वही टेबलावर उघडी होती. मी वाचली नाही, फक्त चष्मा लावून जवळून गेलो. वर लिहिलेलं: 'ग्राहक: आबाजी. वस्तू: कार. आधी भरायचे: दोन लाख.' रकमेसकट गं! मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. सूनबाई रोशनीने दोनदा विचारलं की पासबुक कुठे ठेवता (म्हणे कपाट आवरायचं आहे, दिवाळीला अजून चार महिने). रत्नदीप फाटकापाशी पावलं मोजत होता (म्हणे टिनाचं शेड टाकायचं आहे, शेडखाली काय उभं करणार, ते सांगत नाही).

शेवटी पोरीलाच धरलं. ती उलट माझ्यावरच!

"आबाजी, तुमी माह्या वहीत काऊन पाहून राह्यले? मॅडमनं गणिताचा प्रोजेक्ट देल्ला. गाडीचे कर्ज तोलून पाहाचे हायेत. प्रत्येक गटाले एक ग्राहक लागते."

"आणि दोन लाख?"

"अंदाजे टाकले."

अंदाजे! माझा अंदाज तर कधी चारशेच्या आत-बाहेर गेल्याशिवाय राहत नाही, आणि हिचा पैशापर्यंत बरोबर? गुरुवारी मी थेट शाळेत गेलो. पौर्णिमा मॅडम म्हणून नव्या आहेत, गोड बोलतात (हेही मी मनात नोंदवून ठेवलं). त्यांनी मला शेवटच्या बाकावर बसवलं. फळ्यावर पाच लाखांची दोन कर्जं मांडलेली: एक चार वर्षांचं, महिना बारा हजार पाचशे बासष्ट, दुसरं सात वर्षांचं, महिना आठ हजार चारशे तीस. शेजारी दोघांची जाहिरातपत्रकं चिकटवलेली. मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही कोणतं घ्याल?" मी बाकातून सुटलो (दोन मुलींनी ओढल्यावर) आणि ठामपणे दुसरं सांगितलं. त्याच्या पत्रकावर छापलं होतं, 'हप्ता लहान, घराची शान.' यमक निर्दोष आहे, असंही मी वर्गाला समजावलं.

बाई, वर्ग असा हसला की मुख्याध्यापक डोकावून गेले. मग आपली जागृती फळ्याशी आली आणि तिने गुणाकार केले. अठ्ठेचाळीस हप्त्यांत सहा लाख तीन हजारांच्या आसपास जातात. चौऱ्याऐंशी हप्त्यांत सात लाख आठ हजार. व्याज दुप्पट! आचल नावाची एक आगाऊ पोरगी मागून म्हणाली, "बापा! यमकाचे एक लाख पाच हजार?"

मला गुणाकाराचाच संशय आला. घरी येऊन तीनदा करून पाहिला, तीन वेगळी उत्तरं आली. चौथ्यांदा पोरीचं आलं. तेव्हा माझं मत असं, की या घरातल्या मंडळींना माझ्या दोन लाखांची गाडी हवी आहे आणि गणित हे निमित्त आहे. तू सावध राहा. कर्ज आणि गोड बोलणारी माणसं दोन्ही लांब ठेव.

तुझा
प्रेमदास

ता. क. पत्राचा वरचा भाग रत्नदीपला दाखवला तरी चालेल. इथून खालचा फाडून चुलीत टाक.

ता. क. २. वही दिसली त्याच्या दोन दिवस आधी, शनिवारी, मी शोरूममध्ये गेलो होतो. फक्त रंग पाहायला. तिथल्या बाईने 'गुरुजी' म्हटलं, चहा दिला आणि तेच पत्रक हातात ठेवलं. मी मोठ्याने वाचलं आणि सही करून आलो (कागद रविवारभर टेबलावर पडून होता, पोरीने दोन लाख तिथूनच उचलले असणार). पांढरी आहे. सात वर्षांचं कर्ज. फिटेल तेव्हा मी त्र्याहत्तरचा असेन. तुला आष्टीहून आणायचं आणि दिवसभर वर्धा फिरवायचं, एवढंच मनात होतं. मला गाडी चालवता येत नाही, हे रस्त्यावर आल्यावर आठवलं. दोन लाख तीस तारखेला भरायचे आहेत, तोवर रद्द करता येतं म्हणतात. तेव्हा काम एवढंच: तू रत्नदीपला फोन कर आणि सांग की गाडीचा हट्ट तुझा होता. मोठ्या आत्याला तो रागे भरत नाही. मला बोलेल, आणि रोशनी नुसती पाहील.

ता. क. ३. थांब, दार वाजलं. बाई, बँकेचा माणूस आला आहे, कर्जासाठी घराची पाहणी करायला! न कळवता! मी आतल्या खोलीत आहे, दार जागृतीने उघडलं. तिने त्याला पाणी दिलं, नाव विचारलं, आणि आता म्हणते आहे, "बसा काका. सात वर्षाचं काऊन देल्लं त्यायले?"