लॅपटॉपला हात लावलाच

प्रिय ठकू,

आधी गुन्हा कबूल करतो. लॅपटॉप दुरुस्तीला दिलेला नाही. तीन महिने तो माझ्याच टेबलावर आहे. रविवारी तू आलीस की मी त्याच्यावर टॉवेल टाकायचो. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला बाप आपली वस्तू दुसऱ्याला उघडू देईल, हे तुला खरं वाटलं, याचंच जरा वाईट वाटलं.

झालं असं की तो मरणाचा हळू झाला होता, आणि तू फोनवर म्हणालीस, "बाबा, मी येईपर्यंत हात लावू नका." हे ऐकल्यावर माझे हात गप्प बसतात होय? औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स टाका. फुकट आणि हलकं." मी म्हटलं, द्या एक. तो पोट धरून हसला. लिनक्स एक नसतं म्हणे, शेकड्यांनी प्रकार, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. त्याने त्यातलं एक नाव सांगितलं, शेजारच्या चष्मेवाल्याने दुसरंच, आणि दोघे माझ्यासमोर असे तंडले की मुलगी माझी आणि स्थळं यांची! मी दोघांचंही ऐकलं नाही. अडलं तर विचारायला जास्त माणसं सापडतील, असं घेतलं. नाव सांगत नाही. तू लगेच चौथं सुचवशील.

पेनड्राइव्हवरून ते आधी नुसतं चालवून बघता येतं. पसंत नसेल तर काढून घ्या, जुनं जसंच्या तसं. ही सोय तुझ्या आईला मिळाली असती तर तुझा जन्म झाला नसता. मला पसंत पडलं, बसवलं. मग यंत्राला हुकूम लिहून द्यायच्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप करायला गेलो तर काहीच उमटेना, टिंबसुद्धा नाही. मी कीबोर्ड उघडला, ब्रशने साफ केला, पुन्हा बसवला. तरी तेच. चष्मेवाला म्हणाला, "काका, ते दिसत नाही, पण पोचतं." तेव्हापासून दर शनिवारी सकाळी चहा झाला की अपडेट करतो, आणि त्याआधी सगळ्या यंत्रणेची जशीच्या तशी नक्कल काढून ठेवतो.

गेल्या मंगळवारी मात्र अक्कल गहाण पडली. जागा मोकळी करायला बसलो होतो. एका प्रोग्रॅमचं नाव अनोळखी दिसलं, काढायला घेतला. यंत्राने बिचाऱ्याने विचारलंही, यासोबत आणखी बेचाळीस गोष्टी जातील, चालेल? मी म्हटलं, चालेल. एवढ्याशा घड्याळातही बेचाळीस भाग उगीच नसतात, हे मला तरी कळायला हवं होतं. पुन्हा चालू केलं तर काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. मी घाबरलो. तुला फोन लावायला घेतला, तेवढ्यात तुझ्या आत्याचाच फोन आला.

तिने सांगितलं ते तू मला सांगितलं नव्हतंस. परदेशातल्या पुलाचं काम, तीन वर्षांची नेमणूक, पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं, आणि तू नाही म्हणणार आहेस. "दादा, ती म्हणते, बाबांना लॅपटॉपसुद्धा धड जमत नाही, एकटं कसं सोडू?" मी फोन ठेवला तो ठेवलाच. तुला लावला नाही. दोन दिवस चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं, शनिवारची नक्कल परत बसवली. गुरुवारी दुपारी सगळं जागच्या जागी आलं आणि मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच "पण बाबा" म्हणाली असतीस, म्हणून कागदावर. माझ्याकडून काही ना काही बिघडणार, ठकू, आणि बरंचसं मी नीट करीन. तुझी आठवण येईल, तिच्यावर इलाज नाही, पण तिच्यासाठी पूल अडवून ठेवायचा नसतो. येत्या शुक्रवारच्या आत त्यांना हो कळव.

तुझाच,
न ऐकणारा बाबा