भांडायचं असेल तरच ये

उस्ताद, तुम्ही गेलात तेव्हा कबड्डी मातीत होती. आता ती टीव्हीवर असते. मॅटवर, पायांत बूट घालून. गड्यांचा लिलाव होतो म्हणे, बैलबाजारात होतो तसा, फक्त दात बघत नाहीत. तुम्ही असता तर हसून हसून सोल्डरिंगची तापली सळई हातावर पाडून घेतली असती. पण एक सांगतो, शेवटचे चार संघ उरले, उपांत्य सामने लागले, की वडवणीच्या स्टँडमागचं तुमचं दुकान अजून भरतं. माझा पुतण्या बघतो ते आता. रेडिओ गेले, मोबाईल आले. तुम्ही केलेल्या सनईच्या टेपा त्यानं मोबाईलमध्ये उतरवून घेतल्यात. त्यामुळं वाद तेच चालू आहेत: कुठला गडी भारी आणि दोन सनयांतली खरी सनई कुठली. फक्त ज्यानं हे वाद पेटवायचे तो तुमचा म्हातारा या हिवाळ्यात गेला. ते तुम्हाला सांगायचं होतं.

म्हातारा म्हणजे तोच, जिनिंगवाला. विशीतल्या पोराला म्हातारा हे नाव तुम्हीच पाडलं होतं. जिनिंगवरून सुटला की कपडे न बदलता तो सरळ दुकानात यायचा. केसांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचा पांढरा भुसका. "आला बघा म्हातारा," तुम्ही म्हणायचात, "आता आपलं काही खरं नाही." मी तुमच्या हाताखाली रेडिओ उघडायला शिकत होतो. सातवीला शाळा सुटलेली, पुढचं सगळं तुमच्या टेबलाशी आणि रद्दीतल्या पुस्तकांत झालं. तो आला की माझं काम थांबायचं, आणि तुम्ही थांबू द्यायचात.

लिंबागणेशच्या गणपतीपुढं त्या सनईवाल्याला तुम्ही दोनदा टेप केलं होतं. एकदा ऐन जवानीत, एकदा म्हातारपणी. जवानीतली सनई कुठं तुटत नाही. गाल फुगवून, नाकानं दम घेत तो सूर असा ओढत नेतो की ऐकणाऱ्यानं कासावीस व्हावं. म्हातारपणी तो मध्येच थांबतो, दम घेतो, पुन्हा उचलतो. मी जवानीच्या बाजूचा. तो म्हातारपणीच्या. "तुझावाला नाकानं चोरून दम घेतो बे," तो म्हणायचा. "माझावाला उघड घेतो. माणूस वाजवतोय हे कळतं तरी. तुझं काय हाय, गिरणीचा भोंगा हाय." मी म्हणायचो, "मग दम संपल्यावर घरी बसावं की! लोकांला काहून तरास?" कबड्डीतही तसंच. तो कायम जुन्या, गुडघे गेलेल्या गड्याच्या बाजूचा, मी नव्या पोराच्या.

आणि तुमचा तो कायदा. कुणी कुणाला नाव ठेवलं की तुम्ही हातातलं काम खाली ठेवायचात. "नाव ठेवतो ना? मग आधी दम धर." सनईला नाव ठेवायचं तर तिच्या एका लांब सुराएवढा दम धरून दाखवायचा. गड्याला नाव ठेवायचं तर एका दमात, न थांबता, कबड्डी कबड्डी म्हणत त्याच्या चढाईइतका वेळ काढायचा. निम्मे लोक तिथंच गप्प व्हायचे. एकदा तालुक्याचे एक पुढारी रेडिओ घ्यायला आले, टेप ऐकून म्हणाले, ही सनई काही खास नाही. मी मान डोलावली. तुम्ही त्यांना जीपमध्ये बसून जाऊ दिलंत. मग माझा कान धरलात. "तुला खास वाटती का न्हाई?" "वाटती." "मग मान काहून हलवली बे? त्याला काय, तो हो ऐकायची सवय लागलेला माणूस हाय. तू त्याला माणसातून उठवलंस." मला तेव्हा कळलं नाही की मान डोलावल्यानं कुणी माणसातून कसा उठतो. शेवटच्या आजारपणात तुम्ही दोन्ही टेपा आम्हा दोघांत वाटून टाकल्यात, ज्याला जी आवडत नव्हती ती त्याला. "आवडती तर डोक्यातच असती," म्हणालात. तो बाहेर येऊन मला म्हणाला होता, "उस्तादानं फसवलं बे आपल्याला." आणि रडला होता.

जिनिंगनं त्याची छाती खाल्ली. इतकी वर्षं तो भुसका केसांत दिसायचा, आत किती गेला ते कुणी बघितलं नाही. गेल्या दोन हिवाळ्यांत तो घरातच होता, नाकात नळी, पलंगाजवळ ऑक्सिजनचं मशीन. ते मशीन सारखं घरघरतं. त्यामुळं टीव्ही मोठ्यानं लावावा लागायचा, आणि टीव्ही मोठा म्हणून आम्ही ओरडून बोलायचो. तेवढं बरं चाललं होतं.

उपांत्य सामन्याच्या आधी मी गेलो तर त्याचा मुलगा दारातच उभा. भला पोरगा आहे. बापाचं सगळं हातानं करतो, कंटाळा नाही. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "काका, एक ऐका. त्यांच्याशी वाद घालू नका. डॉक्टरनं बोलायचीच मनाई केलीया. काय म्हणतील त्याला हो म्हणा. तेवढंच दिस निघतील." मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सामना शेवटच्या चढाईवर आला. याच्या लाडक्या संघाचा जुना गडी बाकावर बसवलेला. नव्या पोराला पाठवलं, ते धरलं गेलं, संघ बाहेर. यानं नळी सरकवली आणि सुरू झाला, "बघितलं? म्हाताऱ्याला... पाठवायला... पायजे हुतं." मला ते एक टक्काही पटलं नव्हतं. त्या गड्यानं सबंध सामन्यात एक गुण आणला नव्हता. मी म्हणालो, "हो बे. बरोबर हाय तुझं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग हात लांब करून टीव्ही बंद केला. नुसतं मशीन ऐकू येत होतं. "कुणी सांगितलं तुला?" मी त्याची चादर सारखी करू लागलो. "मी मेलो का बे?" मी म्हणालो, "येडा हायेस का? पटलं म्हणून बोललो." "आजवर... एकदा तरी पटलंय का तुला?" आणि त्यानं भिंतीकडं तोंड केलं. निघताना मी म्हटलं, येतो रे. त्यानं वळून बघितलं नाही. त्यानंतर तो फोन उचलेना. मुलगा म्हणाला, जेवतही नाहीत धड, कुणाशी बोलत नाहीत. डॉक्टरनं सांगितलं तसा तो गप्प झाला होता, आणि गप्प राहून मात्र वाळत चालला होता.

फायनलच्या दिवशी दुपारी त्याचाच फोन आला. दोन शब्द, मग दम. दोन शब्द, मग दम. "सामना... बघायला ये. भांडायचं असंल... तरच ये."

उस्ताद, मी घरात येरझाऱ्या घातल्या. एकीकडं त्या पोराचे धरलेले हात, दुसरीकडं हा. तुम्हाला विचारावंसं वाटलं, पण तुम्ही कुठं? शेवटी गेलो. मुलगा औषधं आणायला बीडला गेलता. मी पलंगाशी बसलो आणि सगळं बाहेर काढलं. तुझ्या त्या गड्याचा गुडघा गेलाय, नजर गेलीय, तो चढाईला जात नाही, हद्दीवर हिंडून येतो, त्याला लिलावात ज्यानं घेतला त्याची अक्कल तपासा. आणि तुझा सनईवालाही तसलाच. म्हाताऱ्याचं तोंड उजळत गेलं. खोटं नाही सांगत, गालांवर रंग आला. उशीला टेकून तो उठून बसला. "नाव ठेवतो ना?" म्हणाला. "मग दम धर."

मी सत्तरीचा माणूस. उभा राहिलो, दम घेतला, कबड्डी कबड्डी सुरू केलं. टीव्हीवर फायनलमधल्या दुसऱ्याच गड्याची चढाई अर्ध्यातच होती आणि माझा दम संपला, खाट धरून मटकन खाली बसलो. तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला, पोट धरून. त्या हसण्यातून खोकला निघाला आणि तो थांबेना. नखं निळी पडली. मी मशीनचं बटण फिरवलं, शेजाऱ्यांना हाका मारल्या. गाडी आली, बीडला नेलं. तिथून तो परत आला नाही. मुलगा दवाखान्याच्या पायरीवर एवढंच म्हणाला, "काका, एकच गोष्ट सांगितली हुती तुम्हाला." ओरडला असता तर बरं झालं असतं. अजून तो रस्त्यात दिसला की दुसऱ्या बाजूनं जातो. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण मला परत फोन आला, तर मी परत जाईन का? जाईन. हे त्या पोराला कसं सांगू?

परवा बाजाराच्या दिवशी दुकानात बसलो होतो. पोरं फायनलवर बोलत होती, माझ्याकडं बघून जरा दबून. मी म्हणालो, नव्या पोरांत दम नाही राहिला. सगळे म्हणाले, हो काका. पूर्वी यावरच दुपार गेली असती. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "त्या उपांत्य सामन्यात शेवटची चढाई जुन्याच गड्यानं केली हुती." धडधडीत खोटं. सगळ्यांनी तो सामना बघितला होता. एकानं तोंड उघडलं. माझ्या पुतण्यानं त्याला डोळ्यानं गप्प केलं, ते मला दिसलं. मग पुतण्याच गोड आवाजात म्हणाला, "हो काका. त्यानंच केली."

हा कागद टाकायला पेटी कुठली? लिहून उशाखाली ठेवणार, दुसरं काय. पण तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो. तिथं उठून मी पुतण्याचा कान धरायला पाहिजे होता. नाही धरला. उस्ताद, त्यांनी हो म्हटल्यावर मला बरं वाटलं.