चेहरा द्यायचा नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर

कळवण्यास अत्यंत खेद होतो की या घरातल्या किटलीला तोटी आहे, पण चहा तोटीतून येत नाही. तो झाकणाखालून येतो आणि कप सोडून सर्वत्र पडतो. किटली या पदार्थाच्या व्याख्येलाच हा धक्का आहे, तरी संबंधितांनी दखल घ्यावी. संबंधित मी एकटाच असल्यामुळे मी दखल घेतली, टेबल पुसलं आणि प्रकरण मिटवलं.

बाकी सगळं झकास आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, उत्तरेकडे मोठी खिडकी, तिच्याखाली लांबलचक टेबल. रंगकाम करणाऱ्याला आणखी काय हवं! भिंतीला काचेची कपाटं, आणि त्यांत शिशाचे खेळण्यातले शिपाई. लाल डगले, निळ्या विजारी, पांढरे पट्टे, सगळे कसे आत्ताच आंघोळ करून आल्यासारखे तकतकीत. पण निम्मे उघडेबोडके आहेत. कुणाचा रंग उडालाय, कुणाला तो कधी मिळालाच नव्हता.

हा सगळा संग्रह मालकीणबाईंच्या थोरल्या भावाचा. बाई त्यांना दादा म्हणतात. दादा गेल्या वर्षी वारले. उरलेले शिपाई त्याच जुन्या, चकचकीत पद्धतीने रंगवून मग सगळी फौज खेळण्यांच्या संग्रहालयाला देऊन टाकायची, अशी बाईंची इच्छा आहे. मी आयुष्यभर वार्ताहर होतो. वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा माझ्याजवळ दोनच विद्या उरल्या, संस्कृत आणि शिशाचे शिपाई रंगवणं. बाजारात दुसरीला मागणी निघाली.

बाई खालच्या मजल्यावर राहतात. बोलायला मोकळ्या आहेत. त्यांनी एकच अट घातली. दादा म्हणायचा, चेहरा द्यायचा नाही, तेवढं सांभाळा, असं दोनदा बजावून गेल्या. मी म्हटलं, बाई, चकचकीत शैलीचा तो पहिलाच नियम आहे. डोळ्यांना दोन काळे ठिपके, गालांवर दोन गुलाबी टिकल्या, फार तर मिशीची रेघ. सगळे एका आईची लेकरं. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काम रंगात आलंय (ही कोटी ताईला फोनवर ऐकवली, तिने फोन ठेवायची धमकी दिली).

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला हिनेच वाढवलं. मी लग्न केलं नाही आणि ती माझ्यावर लक्ष ठेवायची थांबली नाही, त्यामुळे आमचा संसार फोनवर व्यवस्थित चाललाय. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात. शिशाला हात लावून तसाच जेवायला बसू नकोस बाळ्या, असं तिचं आजचं फर्मान. बाळ्याला पंचावन्नावं चालू आहे.

शिपाई आधी कानशीने घासायचा, म्हणजे साच्याची शिवण जाते. मग मेणाने बुचावर उभा करायचा, म्हणजे अंगाला बोट लागत नाही. मग पांढरं अस्तर, त्यावर इनॅमल, छटा नाही, सावली नाही, लाल तो लाल. शेवटी वार्निश. वार्निश वाळेपर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. बघितलं की हात लावावासा वाटतो.

रंगाच्या दुकानदाराशी ओळख झाली. नाक एका बाजूला कललेलं, भुवया दाट, जणू ओठांवर जागा नाही म्हणून मिशा वर राहायला गेल्यात. मला बघितलं की ओरडतो, “काय सेनापती, आज कुठली लढाई?” दिवसभरात माझ्याशी माणसासारखं बोलणारा तेवढा एकच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

संस्कृतात द्विवचन असतं. दोघांसाठी वेगळं क्रियापद, दोघांसाठी वेगळी विभक्ती. शाळेत वाटायचं, एवढा खटाटोप कशाला? आता कळतं. एक कप, एक ताट, एक खुर्ची असलेल्या घरात एक अख्खं वचन वाया जातं.

पावसाळी हवा आहे, रस्त्यावर कुणी नाही. बाई भाचीकडे गेल्यात. दुपारी टेबलाशी बसून शिपायांशी बोललो, पण दोन ठिपक्यांशी काय बोलणार? म्हणून आज एक चावटपणा केला. एका नव्या पायदळवाल्याला दुकानदाराचं नाक दिलं. मग भुवया दिल्या. मग वरचा ओठ, तो हसताना जरा उचलतो तसा. तीन केसांच्या ब्रशने, श्वास रोखून. हुबेहूब साधला. समोर ठेवून चहा प्यायलो. बरं वाटलं.

शैलीच्या दृष्टीने हा व्यभिचार आहे. संग्रहालयाला देण्याआधी वरून दोन ठिपके टेकवून टाकीन.

रविवार, १६ नोव्हेंबर

ताईचं ऑपरेशन उत्तम झालं. स्वारी भलतीच खुशीत. पंख्यावरची धूळ दिसते म्हणे, शेजारणीचे केस रंगवलेले आहेत हेही दिसलं. आणि डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली की पहिलं मला बघायला येणार आहे. इतकी वर्षं तुझं तोंड धुक्यातच पाहिलं रे, आता एकदा नीट बघते, एवढं म्हणाली आणि लगेच विषय बदलून मला केस कापायला सांगितलं.

फोन ठेवल्यावर खोली फारच शांत झाली. ताईसाठी भेट म्हणून ढोलवाला रंगवायला घेतला. त्याला ताईचा चेहरा दिला. रुंद कपाळ, डाव्या भुवईतली लहानपणीच्या पडण्याची खाच, रागावल्यासारखं धरलेलं पण कधीच न रागावलेलं तोंड. फोटो बघावा लागला नाही. हे तोंड मी जगात सगळ्यात आधी पाहिलं असेन.

ढोल वाजवणारी ताई! बघितल्यावर माझी काय पूजा बांधेल ते दिसतंच आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज रंगाच्या दुकानात नवीनच माणूस. गोल, गुळगुळीत, गाल गुलाबी. मी विचारलं, मालक कुठे गेले? तो हसला. म्हणाला, सेनापती, थट्टा करता काय गरिबाची?

आवाज त्याचाच होता.

मी बघत राहिलो. नाक होतं म्हणजे असणार, पण माझी नजर त्यावर ठरेना, निसटून जायची. उरायचे ते दोन काळे ठिपके आणि गालावरच्या दोन टिकल्या. घाईघाईने वार्निशची बाटली घेऊन निघालो. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून घेतले. नंबर तोच आहे. चष्मेवाल्याचा चेहरा मला व्यवस्थित दिसला, चामखिळीसकट.

घरी आलो. पायदळवाला टेबलावर उभा. कललेलं नाक, दाट भुवया, उचललेला ओठ.

त्यानंतर बराच वेळ मी ताईचे फोटो असलेल्या घरच्या अल्बमला हात लावला नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

अल्बम उघडला. बाबा आहेत. आई आहे. मी आहे, अर्धी विजार घालून. मला कडेवर घेतलेली मुलगी आहे. तिला दोन ठिपके आहेत. दोन गुलाबी टिकल्या.

प्रत्येक फोटोत. काळ्यापांढऱ्या फोटोतसुद्धा गुलाबी.

डोळे मिटून आठवून पाहिलं. कपाळ रुंद आहे हे वाक्य आठवतं. कपाळ आठवत नाही.

संस्कृत व्याकरणात धोब्याचं उदाहरण आहे. धोब्याला कपडे देतो, तिथे चतुर्थी विभक्ती लावत नाहीत, कारण ते परत येणार असतात. चतुर्थीचं देणं म्हणजे आपला हक्क सोडून देणं. मी आयुष्यभर हा भेद लोकांना मिटक्या मारत समजावला. दादांनी ‘चेहरा द्यायचा नाही’ म्हटलं, ‘रंगवायचा नाही’ म्हटलं नव्हतं. मी मात्र परत येईलच अशा समजुतीने, धोब्याला दिल्यासारखा देऊन बसलो.

शुक्रवार

बाई भाचीकडून परतल्या. सहज विचारतोय असं दाखवून दादांच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारलं. वय झालं होतं, म्हणाल्या. ताट घेऊन गेले की विचारायचा, आपण कोण? मी म्हणायची, अरे मी, तुझी बहीण, मग आवाजावरून ओळखायचा. पुढे पुढे तेही नाही. आपण कोण, आपण कोण, असं मलाच नाही, सगळ्यांनाच. जाताना माझा हात धरून होता, पण कुणाचा हात म्हणून धरला होता देव जाणे.

मग त्यांनी कपाटाच्या मागच्या रांगेतला एक घोडेस्वार काढून दाखवला. कोवळं, हसरं, हनुवटीला खळी पडलेलं तोंड. माझ्यासारखा दिसतो ना हो? त्या लाजून म्हणाल्या. दादाचा फार जीव माझ्यावर.

मी हो म्हटलं.

शनिवार

उपाय एकच सुचतो. या छंदात जुन्या शिपायाचा रंग उतरवणं हे महापातक. पण ढोलवाला जुना नाही, रंग माझा आहे. दिलेलं परत घेता येतं का ते बघायचं. रंग उतरवायचं रसायन आणलं. दुकानदार काहीतरी विनोद करत होता, मी वर पाहिलं नाही.

नंतर —

रसायन लावलं. वार्निश सुरकुतलं. चेहरा सैल झाला. क्षणभर मला ती दिसली, खाच, कपाळ, तोंड, सगळं, माझ्याकडे बघत असलेली. मी फडकं टेकवलं. तिथेच चुकलो. टेकवायचं नव्हतं. सवयीने पुसलं.

खाली निव्वळ शिसं. फडक्यावर तपकिरी डाग.

अल्बम पाहिला. ठिपके, टिकल्या.

आता तिचा चेहरा कुठेच नाही. निदान त्या ढोलवाल्यावर तरी होता. रोज सकाळी बघता आला असता.

मंगळवार

काम बंद केलंय. ब्रश धुऊन ठेवले. पण गेल्या आठवड्यात नियमाप्रमाणे ठिपके देऊन वाळत ठेवलेले चौघे — त्यांच्या वार्निशखाली काहीतरी वर येतंय. एकाला चामखीळ आलीय.

मी दिली नाही.

बुधवार

चष्मेवाल्याच्या दुकानावरून गेलो. काचेतून तो हात हलवत होता. गुलाबी.

दुसऱ्या शिपायाला बाबांची दाढी. तिसरा अजून कळत नाही. त्याच्या हनुवटीला खळी पडते आहे, पण म्हातारी, सुरकुतलेली. बाईंची आजची.

बाई चहा घेऊन वर आल्या. मी पाठ करून बसलो. सर्दी झालीय म्हटलं.

गुरुवार

ताईचा फोन. शनिवारी येते. आवाज तिचाच, अगदी तिचाच, मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला. येऊ नकोस म्हणायचं होतं. माझी सर्दी, तुझे नवे डोळे, लागण होईल — ती हसली. म्हणाली, बाळ्या, लपवतोयस काय, केस कापले नाहीस ना? मग म्हणाली, मी दारात आले की एक अक्षर बोलणार नाही. नुसती उभी राहून तुला बघणार, पोटभर. तूही बघ, म्हातारी बहीण कशी दिसते ते.

मी म्हटलं, नाही ताई, आल्याबरोबर बोल. काहीतरी बोल. नेहमीसारखी ओरड.

ती म्हणाली, वेडा आहेस का? आयुष्यभर बोलतेच आहे.

शुक्रवार

आरशात अजून मी आहे. चौथ्या शिपायाला कापडात गुंडाळून ठेवलंय. उघडून बघणार नाही.

बाई वर आल्या, उद्या स्टँडवर मी जाते म्हणाल्या, तुम्ही पडून राहा. मी वळून पाहिलं. पाहायला नको होतं.

शनिवार

रिक्षा थांबली. खिडकीतून पाहिलं. दोघी उतरल्या. दोघींच्या अंगावर शाली, दोघी ठेंगण्या, दोघी पांढऱ्या केसांच्या. पिशवी एकीच्या हातात — पण बाई कुणाला पिशवी उचलू देणाऱ्या नाहीत, त्यांनी घेतली असेल. किंवा ताईने सोडली नसेल. ताईही सोडणारी नाही.

दोघींनी वर पाहिलं. दोन ठिपके, दोन ठिपके. एकीने ओठांवर बोट ठेवून दुसरीला गप्प केलं. दुसरीला मजा वाटली असावी, तिनेही तसंच बोट ठेवलं.

जिन्यावर पावलं. कुणी बोलत नाही. मध्ये थांबल्या — दम लागला असेल, दोघींना लागतो —

मला या शिशाच्या फौजेची भीती वाटत नाही. माझं पुढे काय होईल याचीही नाही. दादांचं झालं तसं होईल. मला एकाच गोष्टीची काळजी आहे. ती नवे डोळे घेऊन माझ्यासाठी आलीय. ती दारात उभी राहील, आणि मी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे बघून ताई म्हणेन, आणि ते तिला दिसेल. माझ्या तोंडावर तिला अगदी स्पष्ट —

दार लोटलं. दोघी हसताहेत, आवाज न करता. मी उठतो. डावीकडची जरा पुढे आलीय. तिने हात — नाही, दोघींनी हात —