बटणं नसलेलं मशीन

प्रिय अपूर्वा,

त्या दुपारी तू मेलच्या निळ्या डब्याच्या पानावर आल्हादचं नाव टाकून ‘सेव्ह’ दाबलंस आणि माझं सगळं तिथेच संपलं. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, कारखान्याची मेल बंद पडली म्हणून ललित पिसाळलाय. वाटू दे.

कॉलेज अर्धवट टाकून मी सातपूरला तुमच्या कारखान्यात केबल ओढायला आलो, तेव्हा सर्व्हर कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्या बाबांनी, म्हणजे आम्हा कामगारांच्या काकांनी, नवाच आणलेला तो डबा, मेलचा सर्व्हर, तूच मला दाखवलास. स्क्रीनवर त्याचं पान उघडायचं, नाव भरायचं, सेव्ह दाबायचं, की माणसाला मेलचा पत्ता मिळाला. मी माउसवर असा काही जोर काढला की तू म्हणालीस, “हळू दाब रे, दाराची बेल नाही ती!” बाहेर लेथवरचे टर्नर हसले. त्या दिवसापासून मी येड्यासारखा डब्यासमोर बसायला लागलो. तू शेजारी खुर्ची ओढायचीस ना, म्हणून.

आणि मूर्खासारखा शिकत गेलो. बटणांच्या मागे काय चालतं ते उकरून पाहिलं, काळ्या पडद्यावर टाइप करायला लागलो. डब्याला जे जमत नव्हतं ते त्याच्या फायलींत हाताने लिहिलं. ओझरच्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी आपोआप काकांकडे वळवल्या, कचरा मेल दारातच अडवली. तू म्हणायचीस, “आता मला काही कळत नाही बाबा तुझं.” मला ते कौतुक वाटायचं. तुझी खुर्ची लांब सरकतेय, हे दिसलंच नाही.

डब्याची एक खोड होती. पानावरून सेव्ह दाबलं की हाताने लिहिलेलं पुसून तो आपलंच पुन्हा लिहायचा. तुला ते माहीत नव्हतं. त्या दुपारी माझं सगळं पुसलं गेलं आणि मी ओरडलो, “बटणं दाबणाऱ्यांनी हात लावू नका याला!” काका खुर्चीतून उठले. तू एवढंच म्हणालीस, “तुला सांगायला जमेना, म्हणून मीच केलं.” ते मेलबद्दल नव्हतं, हे मला सायकलवर घरी जाताना उमगलं. तुझ्या नि आल्हादच्या साखरपुड्याचे हार आमच्याच मळ्यातल्या शेवंतीचे होते. आई फुलं पोचवून आली नि म्हणाली, “लय चांगली मानसं हायेत, जेवूनच जा म्हनले.” मी ताट सरकवून उठलो.

डबा आता पुरत नाही, हे काकांना मीच सांगून बसलो होतो. नवं मशीन मीच जुळवलं. त्याला पान नाही, बटण नाही. तू शेजारी बसून दाखवावंस असं काहीच नाही त्यात. सगळ्यांचे पत्ते त्यावर नेले. आल्हादचाही नेला, हाताने, एकेक अक्षर. डब्याची वायर आत्ताच काढली.

कागदावर लिहितोय, कारण पासवर्ड मेलने पाठवायचा नसतो, हे तूच शिकवलंस. उद्यापासून मी येणार नाही, आणि या मशीनचा पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नाही. काकांना सांगायला गेलो होतो, ऑर्डरींचंच बोलून परत आलो. पासवर्ड आहे ‘हळू दाब’. इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. रोज सकाळी तेच टाइप करून आत शिरायचो. आल्हादला सांगण्याआधी बदलून टाक, एवढं कर. पत्र तुझ्या कीबोर्डखाली ठेवतोय. बाहेर पडतो आणि दार लावून घेतो. आपटत नाही.

तुझाच,
ललित