मातीवरून पारख

अण्णा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि त्याआधीची पंधरा वर्षं मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो, त्यामुळे हे पत्र कुठून सुरू करावं तेच कळत नाही. मी जपानमध्ये आहे, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. टोकियोपासून गाडीने तासाभरावर त्सुकुबा म्हणून आखीवरेखीव गाव आहे, जिथे तिथे संशोधन संस्था, रुंद रस्ते, सायकली. तिथल्या एका संस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. तुम्हाला एक नातू आहे, सतरा वर्षांचा. मराठी समजतं, बोलताना अर्ध्यात जपानीत घसरतो. आणि सांगायची गोष्ट अशी की तो पळतो. इथल्या हायस्कुलात अमेरिकन फुटबॉलचा संघ आहे. तो पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात लांबट चेंडू पोटाशी धरून समोरच्या अकरा जणांमधून घुसायचं आणि त्यांनी आडवं पाडायच्या आत जेवढं पुढे जाता येईल तेवढं जायचं. तुमच्या भाषेत सांगायचं तर चढाई, फक्त दम घुमवायचा नाही आणि परत यायचं नाही. चेंडू घेऊन पळणाऱ्याला रनिंग बॅक म्हणतात. तुमचा नातू रनिंग बॅक आहे. टोकियोतल्या निशी-कसाईच्या गणपतीत आमची मित्रमंडळी अजून विचारतात, पोराला क्रिकेट का नाही लावलंस? मी हसतो. आतून फुगलेला असतो, हे आता तुमच्यापासून काय लपवायचं.

इथे विद्यापीठांचे संघ असतात आणि त्या संघांची जुनी भक्तमंडळी असते. हायस्कूलमधला कुठला मुलगा आपल्या विद्यापीठात यावा याची चिंता त्यांना विद्यापीठापेक्षा जास्त. उन्हाळ्यापासून एका विद्यापीठाचे असे चौघं जण आमच्या शाळेच्या मैदानावर येऊ लागले: तीन निवृत्त म्हातारे आणि एक बाई, वय पंचाहत्तरच्या आसपास, मोठी टोपी, कोपरापर्यंत पांढरे हातमोजे. घडीच्या खुर्च्या, थर्मासमध्ये गार चहा, मांडीवर वही. म्हातारे पोराच्या पोटऱ्या बघत, घोटे बघत, तो पडल्यावर किती वेळात उठतो ते घड्याळात बघत. मला बघितल्यावर तिघं उठून अदबीने वाकत, आणि मग बैलबाजारात खोंडाबरोबर त्याच्या बापावरही नजर फिरवतात तसे माझ्या खांद्यांकडे बघत. एकाने विचारलं, "ओतोसान, मुलगा जेवणात भात किती वाट्या खातो?" ओतोसान म्हणजे वडील. इथे मुलाच्या बापाला परकी माणसंही तसंच म्हणतात. मी म्हटलं, चार. त्याने वहीत लिहून घेतलं. दुसरा म्हणाला, "पण मांसाहार?" मी म्हटलं, घरात नाही, बाहेर जे मिळेल ते. तिघं एकमेकांकडे बघून समाधानाने हसले. तुमच्या सुनेला सांगितलं तर ती चिडली, मुलगी बघायला आलेत का म्हणाली.

बाई मात्र काही विचारत नसे. तिची पद्धत वेगळी होती आणि ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. इथे सराव संपला की पहिल्या वर्षाची मुलं रुंद लाकडी दाताळ्याने सगळं मैदान ओढून सपाट करतात, एक पाऊल शिल्लक ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सराव सुरू होण्याआधी चेंडू घेऊन पळणारी मुलं त्या कोऱ्या मातीवर एका कोपऱ्यात एकेकटी पळतात. तेवढ्यासाठी ती लवकर येते. मैदानाच्या कडेला उभी राहून मातीला वाकून नमस्कार करते. आणि मुलगा पळायला लागला की त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. हात मागे बांधलेले, मान खाली. तो पळून झाला की वळते आणि उमटलेल्या पावलांच्या बाजूबाजूने सावकाश चालत जाते. मुलाकडे एकदाही बघत नाही. अण्णा, असं करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला होता.

तालुक्याच्या संघाची निवड तुम्ही अशीच करायचात. पहाटे मैदान झाडून घ्यायचं, झारीने पाणी मारायचं, गोणपाट ओढून माती सारखी करायची. मग एकेका पोराने मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंत जाऊन परत यायचं, आणि तुम्ही पाठ फिरवून उभे. शिट्टी गळ्यात नाही, तोंडात नाही, मागे बांधलेल्या हाताच्या मुठीत, काळा दोरा खाली लोंबतोय. मग वळून तुम्ही मातीवर वाकायचात. कुणी विचारलं की गुरुजी, पोराकडे बघत का नाही, तर म्हणायचात, "त्याच्याकडे काय बघायचं, सगळं इथं खाली लिहिलंय की." मी चौदा वर्षांचा होतो तेव्हा माझी पाळी आली. वर्षभर वाट बघितली होती. निवडीच्या तीन दिवस आधी मी पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर सायकलवरून डोक्यावर पडलो होतो, दोनदा उलटी झाली होती, आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही मला उतरवलंच नसतं. त्या सकाळी मी पळालो, चांगला पळालो असं मला वाटलं. तुम्ही माझ्या पावलांजवळ इतरांपेक्षा जास्त वेळ थांबलात. मग वीस पोरांसमोर म्हणालात, "हे तुझं काम नाही. घरी जा. आजपासून मैदानावर पाय ठेवायचा नाही." पोरं हसली. तुम्ही हसणाऱ्यांना गप्पही केलं नाहीत.

घरी आलो तर आईने स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत माझं अंथरूण घातलं, खिडकीला जुनं लुगडं लावून अंधार केला. ताप आहे म्हणाली. मला ताप नव्हता. पुढचे चार दिवस तुम्ही दर दोन-तीन तासांनी दारात यायचात, मला उठवायचात आणि विचारायचात, "सांग, आज वार कोणता?" मी समजलो, तुम्ही मला चिडवताय. हरलेल्या पोराला आणखी बावळट ठरवताय. मी दात-ओठ खाऊन वार सांगायचो आणि भिंतीकडे तोंड करायचो. त्यानंतर मी तुमच्याशी पूर्वीसारखं कधी बोललो नाही. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा बसस्टँडवर तुम्ही पिशवीत शेंगदाण्याचे लाडू दिलेत, ते मी गाडीत शेजारच्या माणसाला देऊन टाकले.

आता इथलं सांगतो. सप्टेंबरात त्या म्हाताऱ्यांच्या वह्या भरल्या. विद्यापीठ शिफारशीवर प्रवेश देणार, प्रशिक्षक महिनाअखेरीस येऊन शेवटचं बघणार, असं ठरत आलं होतं. त्या आठवड्यात बाई पावलांशी नेहमीपेक्षा जास्त थांबली. मग तिने हाताने मला खुणावलं. मी जवळ गेलो. तिने बोट खाली केलं. मातीत खिळ्यांच्या बुटांचे ठसे एका ओळीत गेलेले, आणि मधेच ओळ उजवीकडे वाकलेली. थोडं पुढे पुन्हा सरळ, पुन्हा वाकलेली. ती म्हणाली, "जूनमध्ये हा दोरीसारखा सरळ जायचा. आता बघा, डावीकडून कोणीतरी चालतंय आणि हा त्याला जागा देतोय." मी म्हटलं, माती ओबडधोबड असेल. ती म्हणाली, "सगळं इथे खाली लिहिलंय." तिचं जपानी मी कानाने ऐकलं आणि तुमचा आवाज कुठल्या वाटेने आत आला ते मला सांगता येत नाही. मग तिने विचारलं, "ओतोसान, मुलाला डोक्याला लागलं होतं का?"

मी "दाइजोबु" म्हटलं. म्हणजे काही नाही, सगळं ठीक आहे. आणि अण्णा, ते खोटं होतं. ऑगस्टात सरावात त्याचं हेल्मेट दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं होतं. मी गाडीतून त्याला घरी आणत होतो. त्याने विचारलं, आज मॅच जिंकलो का? मी म्हटलं, मॅच नव्हती रे, सराव होता. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. आणि पुन्हा. मी रस्त्याकडेच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाशी थांबलो, गार पेयाची बाटली घेतली, तो सावलीत बसून प्यायला. अर्ध्या तासाने शुद्धीवर आल्यासारखा बोलू लागला आणि पहिलं वाक्य म्हणाला, "बाबा, कोचला सांगू नका. आईला पण. प्लीज." मी बरं म्हटलं. शाळेला कळवलं, सर्दी झाली आहे, दोन दिवस येणार नाही. बाप म्हणून त्याला सांभाळत होतो असं मला वाटत होतं. खरं तर आमच्या घरातलं कुणीतरी एकदाचं निवडलं जात होतं आणि मला ते मोडायचं नव्हतं.

बाईने माझ्या दाइजोबुवर विश्वास ठेवला नाही. म्हणाली, "पन्नास वर्षं आमच्या संघाचे सामने बघते आहे. हा मुलगा आम्हाला हवाय. म्हणूनच विचारते." आणि वाकून निघून गेली.

त्या संध्याकाळी पोरगा जेवायला बसला होता, त्याची आई कामावरून यायची होती. मी वरण वाढता वाढता सहज विचारल्यासारखं विचारलं, पळताना तू उजवीकडे का सरकतोस रे? त्याने ताटातला भात एका कडेला सारला. मग म्हणाला, "हसणार नाही ना? लेफ्टला कोणीतरी असतं." मी म्हटलं, कोण, डिफेन्सचा मुलगा? "नाही. एक ओजीसान. म्हणजे म्हातारा माणूस. मैदानातच उभा असतो. धक्का लागेल म्हणून मी सरकतो." काय करतो तो? "काहीच नाही. माझ्याकडे बघतच नाही. सगळे मला बघतात ना, तो एकटाच पाठ करून उभा असतो. खाली बघतो. हात असे मागे." त्याने ताटावरून उठून दाखवलं. उजवा हात डाव्या मुठीवर, अगदी तसाच. "आणि मुठीत काहीतरी असतं, बाबा. काळी स्ट्रिंग लोंबते."

अण्णा, घरात तुमचा एकच फोटो आहे, पासपोर्टचा, मानेपर्यंतचा. तुम्ही काय शिकवायचात हेही मी त्याला कधी सांगितलेलं नाही. कबड्डीचा शब्द आमच्या घरात कधी निघाला नाही, तो मीच काढू दिला नाही. मी वाढणं ठेवून ओट्यापाशी उभा राहिलो. मग मी त्याला विचारलं, भीती वाटते का त्याची? तो पुन्हा खाली बसला. म्हणाला, "नाही. पण तो थांब म्हणतोय असं वाटतं. बोलत नाही, तरी वाटतं." आणि भात कालवायला लागला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्याला इस्पितळात घेऊन गेलो. गाडीत तो माझ्याशी भांडला, रडला, शेवटी जपानीत असं काही बोलला की ते मला कळलं नाही हेच बरं. डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी त्याच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, डावीकडे नेलं की याची नजर मधेच अडखळे. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "सांग बरं, आज वार कोणता?"

मी भिंतीशी उभा होतो. सदतीस वर्षं मी तो प्रश्न अपमान म्हणून सांभाळला होता. दारातली तुमची सावली, खिडकीचं लुगडं, आईचं खोटं, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. तुम्ही माझी पावलं वाकडी गेलेली बघितली होतीत. लागलंय म्हणून थांब म्हणाला असतात तर पंधरा दिवसांनी मी परत मैदानावर आलो असतो, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून असं बोललात की मी पुन्हा येऊच नये. आणि मग चार दिवस झोपलात तरी केव्हा? मी त्या दवाखान्यात पन्नाशी उलटलेला माणूस, रडलो. डॉक्टरांना वाटलं मुलाच्या काळजीने. ते म्हणाले, वेळेत आणलंत, आणखी एक धक्का बसला असता तर सांगता आलं नसतं. पण हा खेळ आता बंद. या मोसमात तर नाहीच, पुढेही बहुधा नाही.

शिफारस गेली. शाळेच्या प्रशिक्षकांना मी स्वतः जाऊन सांगितलं, सर्दीचं कारण खोटं होतं हेही सांगितलं, आणि कमरेतून वाकून माफी मागितली. म्हाताऱ्यांनी वह्या मिटल्या. ते आता दुसऱ्या शाळेतल्या मुलाच्या पोटऱ्या बघायला जातात. तुमची सून माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं नाही. पोरगा अजूनही धड बोलत नाही. मी पुढे केलेली कुठलीही गोष्ट तो बाजूला सारतो. मी तुमच्यासारखं काही टोचून बोललो नाही, सगळं समजावून सांगितलं, तरी राग आहेच. निघून जाईल की नाही, माहीत नाही.

डॉक्टरांनी महिनाभर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तो महिना संपून बरेच दिवस झाले. नजर सुधारली, तपासण्या बऱ्या आल्या. तरी तो शाळेला निघताना बूट घालायला वाकला की मी रोज विचारतो, डावीकडे कोणी दिसतं का रे? तो वर न बघता "इनाई" म्हणतो. म्हणजे कोणी नाही. त्याला वाटतं, बाबा तब्येतीचं विचारतात. हे पत्र मी टाकणार कुठे, म्हणून कबूल करतो. मी तुमच्यासाठी विचारतो, अण्णा. तो नाही म्हणाला की बाप म्हणून मला बरं वाटायला हवं, आणि मला वाईट वाटतं.